विश्लेषण : निम्म्या पगारावर खेळायला तयार असलेला मेसी बार्सिलोनाला का परवडला नाही? काय आहे ला लिगाची ‘वेतनमर्यादा’?

लिओनेल मेसीला बार्सिलोनातच राहायचे होते. बार्सिलोनालाही तो हवा होता. पगार निम्म्यावर आणायला मेसी तयार होता आणि नव्या करारावर दोन्ही बाजूंचे एकमतही झाले होते. तरीही ८ ऑगस्ट २०२१ रोजी पत्रकारांसमोर डोळे पुसत त्याने क्लबचा निरोप घेतला. दोनच दिवसांत तो पॅरिस सेंट-जर्मेनचा, म्हणजे पीएसजीचा झाला. वयाच्या १३व्या वर्षी मेसी या क्लबमध्ये आला होता. मुख्य संघाकडून ७७८ सामन्यांत त्याने ६७२ गोल केले. त्याच क्लबला त्याचे नाव खेळाडूंच्या यादीत घालता आले नाही.

त्यानंतरही जवळपास दर उन्हाळ्यात बार्सिलोनाचे चाहते एकच प्रश्न विचारत आले आहेत. खेळाडू घेतला खरा, पण त्याची नोंदणी होणार का? २०२५च्या ऑगस्टमध्ये तर एका गोलरक्षकाची पाठदुखी नेमकी किती महिने टिकणार, यावर दुसऱ्या गोलरक्षकाचा हंगाम अवलंबून होता. जगात सर्वाधिक कमाई करणाऱ्या क्लबांपैकी एकावर ही वेळ कशी आली?

२२.२ कोटी युरो आले, ते गेले कुठे?

सुरुवात २०१७च्या ऑगस्टपासून करावी लागते. पीएसजीने नेयमारला बार्सिलोनाकडून २२.२ कोटी युरोंना नेले. खेळाडूच्या बदलीसाठी एवढी रक्कम त्याआधी कोणीच मोजली नव्हती आणि त्यानंतरही मोजलेली नाही. हा व्यवहार बार्सिलोनाच्या मर्जीने झाला नव्हता. करारात ठरलेली रक्कम भरली की खेळाडू मोकळा, अशी अट स्पेनमध्ये असते. पीएसजीने ती रक्कम भरली आणि विषय संपला.

एवढा पैसा एकदम हातात येणे हीच अडचण ठरली. बार्सिलोनाला आघाडीचा खेळाडू तातडीने हवा आहे आणि तिजोरी भरलेली आहे, हे युरोपातल्या प्रत्येक क्लबला ठाऊक होते. त्याच महिन्यात डॉर्टमुंडने उस्मान डेम्बेलेसाठी १०.५ कोटी युरो मागितले, शिवाय कामगिरीनुसार आणखी ४ कोटींपर्यंत. जानेवारी २०१८ मध्ये लिव्हरपूलने फिलिप कुटिन्होला १२ कोटी युरो अधिक ४ कोटींपर्यंतच्या बोनसवर दिले. २०१९च्या जुलैमध्ये अँटोइन ग्रिझमनसाठी ॲटलेटिको माद्रिदला आणखी १२ कोटी मोजले गेले.

तिघांपैकी कोणीही नेयमारची जागा भरून काढू शकला नाही. डेम्बेले सतत जायबंदी राहिला. कुटिन्होला अखेर ॲस्टन व्हिलाने २ कोटी युरोंना विकत घेतले. ग्रिझमन दोन हंगामांनंतर ॲटलेटिकोतच परतला. डेम्बेलेने पुढे २०२५चा बॅलन डी’ओर जिंकला, पण तोही पीएसजीचा खेळाडू म्हणून.

खेळाडूची किंमत वहीत कशी लिहितात?

इथला हिशेब समजल्याशिवाय पुढचे काहीच उलगडत नाही. खेळाडू हा क्लबच्या ताळेबंदात मालमत्ता असतो, कारखान्यातल्या यंत्रासारखा. त्याची किंमत एका वर्षाचा खर्च म्हणून दाखवली जात नाही. ती कराराच्या वर्षांत समान वाटली जाते. ग्रिझमनचा करार पाच वर्षांचा होता. म्हणून १२ कोटी भागिले पाच, म्हणजे दरवर्षी २.४ कोटी युरो. त्यावर पगार वेगळा. समोरच्या क्लबला पैसे रोख दिले की हप्त्यांनी, याचा या आकड्याशी संबंध नाही.

यात गैर काहीच नाही, सगळे क्लब असेच करतात. पण या पद्धतीमुळे आजची खरेदी आज स्वस्त दिसते आणि पुढची चार-पाच वर्षे प्रत्येक ताळेबंदात डोके वर काढत राहते. असे पाच-सहा महागडे खेळाडू एकदम घेतले तर पुढच्या वर्षांचा खर्च आधीच ठरून जातो. मग ते मैदानात असोत वा दुसऱ्या संघाकडे उसने दिलेले.

विक्रीचा हिशेब मात्र उलटा आहे. खेळाडूची वहीत उरलेली किंमत वजा करून जो नफा राहील, तो त्याच वर्षी पूर्ण दाखवता येतो. खरेदीचा खर्च पुढे ढकलायचा आणि विक्रीचा नफा आज घ्यायचा, हे दोन्ही एकाच व्यवहारात साधले तर?

बार्सिलोनाने तेच केले. २९ जून २०२० रोजी, म्हणजे आर्थिक वर्ष संपायला एक दिवस उरला असताना, क्लबने २३ वर्षांच्या आर्थर मेलोला युव्हेंटसला ७.२ कोटी युरोंना विकल्याचे जाहीर केले. त्याच दिवशी युव्हेंटसकडून तिशीतला मिरालेम पियानिच ६ कोटींना घेतला. प्रत्यक्ष फरक १.२ कोटींचा. पण दोन्ही क्लबांच्या वहीत त्या वर्षीचा नफा फुगला. पियानिचचे ६ कोटी चार वर्षांत विभागले गेले, म्हणजे वर्षाला दीड कोटी. फुटबॉलच्या दृष्टीने तरुण खेळाडू देऊन उतरत्या वयातला घेण्यात फारसे तथ्य नव्हते. वर्षभराने पियानिच तुर्कस्तानात उसना खेळत होता. दोन वर्षांनी क्लबने त्याचा करारच संपवला.

पगार एवढे का फुगले?

२०२१च्या जानेवारीत स्पेनमधील ‘एल मुंडो’ या दैनिकाने मेसीचा २०१७ मधला करार छापला. चार हंगामांत सर्व बोनस धरून कमाल ५५.५ कोटी युरो, असा तो आकडा होता. ही कर कापण्यापूर्वीची रक्कम होती. मेसीमुळे क्लबला मिळणारे जाहिरातदार आणि प्रेक्षक पाहता तो महाग होता की नाही, यावर वाद होऊ शकतो. पण सगळा दोष त्याच्या एकट्याच्या माथी मारणे सोयीचे असले तरी बरोबर नाही. शिडीची वरची पायरी एवढी उंच गेली की खालच्या पायऱ्याही वर सरकतात. जुन्याजाणत्या खेळाडूंचे करार वाढत्या पगारावर लांबवले गेले, नवे खेळाडू त्याच पातळीवर बोलणी करू लागले.

उत्पन्न वाढत होते तोवर हे खपून गेले. २०१८-१९ मध्ये ८४ कोटी युरोंच्या उत्पन्नासह बार्सिलोना ‘डेलॉइट’च्या यादीत जगात पहिला होता. मग करोना आला. मैदाने रिकामी झाली, पर्यटक थांबले. कॅम्प नोऊ आणि तिथले संग्रहालय पाहायला येणारे पर्यटक हा या क्लबच्या मिळकतीचा मोठा भाग होता. ऑक्टोबर २०२० मध्ये जेरार्ड पिके, फ्रेंकी डी योंग, मार्क-आंद्रे टेर स्टेगन आणि क्लेमों लोंग्ले यांनी नवे करार केले. त्यांत त्या वेळचा पगार कमी करून ती रक्कम पुढच्या वर्षांत देण्याचे ठरले. म्हणजे पगारही हप्त्यांवर गेला. आठवडाभरात अविश्वास ठरावाच्या सावटाखाली अध्यक्ष जोसेप मारिया बार्टोम्यू यांनी राजीनामा दिला.

मार्च २०२१ मध्ये जोआन लापोर्टा निवडून आले. ऑगस्टमध्ये त्यांनी आकडे मांडले. देणी सुमारे १३५ कोटी युरो आणि पगार उत्पन्नाच्या १०३ टक्के. १०० रुपये कमावणाऱ्या दुकानाने नोकरांनाच १०३ रुपये द्यायचे, वीज, भाडे, व्याज वेगळे. २०२०-२१च्या हंगामाचा तोटा ४८.१ कोटी युरो निघाला.

ला लिगाचा नियम नेमका काय आहे?

स्पेनमधील क्लब पूर्वी सर्रास कर्जात बुडत. खेळाडूंचे पगार आणि सरकारी कर थकत. त्यावर उपाय म्हणून ला लिगाने २०१३ मध्ये प्रत्येक क्लबला खर्चाची मर्यादा घालून द्यायला सुरुवात केली. ढोबळ सूत्र सोपे आहे. अपेक्षित उत्पन्नातून मैदान, कर्मचारी, प्रशासन असे खेळाबाहेरचे खर्च वजा करायचे. त्या वर्षी फेडायचे कर्ज वजा करायचे. उरेल तेवढेच संघावर खर्च करता येते. या खर्चात खेळाडूंचे आणि प्रशिक्षकांचे पगार आले आणि खरेदीचा तो वार्षिक वाटाही आला.

खरी मेख तपासणीच्या वेळेत आहे. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये तीन वर्षांचा तोटा नंतर मोजला जातो आणि नियम मोडला असेल तर गुण कापले जातात. २०२३-२४ मध्ये एव्हर्टनचे तसे गुण गेले. स्पेनमध्ये तपासणी आधी होते. नवा खेळाडू मर्यादेत बसत नसेल तर त्याची नोंदणीच होत नाही आणि नोंदणी नाही तर सामना नाही. नियम कठोर आहे. पण पगार बुडालेल्या खेळाडूंचा विचार केला तर हाच प्रकार अधिक प्रामाणिक वाटतो.

मग मर्यादा आधीच ओलांडलेल्या क्लबचे काय? असलेले करार रद्द होत नाहीत, मात्र नव्या नोंदणीवर रेशन लागते. २०२१ मध्ये ते चारास एक असे होते. चार युरो वाचवा, मग एक खर्च करा.

मेसी इथेच अडकला. त्याचा करार ३० जून २०२१ रोजी संपला होता. करार चालू असता तर तो यादीत राहिला असता. पण १ जुलैपासून नियमाच्या लेखी तो बाहेरून येणारा नवा खेळाडू होता. नोंदणीसाठी जागा हवी होती आणि जागा शून्याखाली होती. लापोर्टा यांनी तेव्हा सांगितले की मेसीला धरून पगार उत्पन्नाच्या ११० टक्के होतात आणि त्याला वगळले तरी ९५ टक्के. म्हणजे जगातला सर्वांत महागडा खेळाडू गेल्यावरही जागा उरत नव्हती. मेंफिस डिपाय आणि एरिक गार्सिया या दोघा नव्यांची नोंदणी व्हावी म्हणून पिकेने आपला पगार मोठ्या प्रमाणात कापून घेतला, तेव्हा कुठे हंगामाच्या पहिल्या सामन्याला ते उतरू शकले.

एक वाट होती. ला लिगाने त्याच महिन्यात ‘सीव्हीसी’ या गुंतवणूक कंपनीशी करार आणला होता. क्लबांना रोख रक्कम मिळणार आणि बदल्यात ५० वर्षे उत्पन्नातला हिस्सा जाणार. अर्धे शतक आपली मिळकत गहाण टाकणार नाही, असे सांगून लापोर्टा यांनी नकार दिला. रेयाल माद्रिदही विरोधात होता.

मग ‘तरफा’ कशा लागल्या?

त्यानंतर वर्षही पुरते उलटले नव्हते. ३० जून २०२२ रोजी, पुन्हा आर्थिक वर्षाच्या शेवटच्या दिवशी, बार्सिलोनाने टीव्ही हक्कांतला १० टक्के वाटा अमेरिकेच्या ‘सिक्स्थ स्ट्रीट’ला २५ वर्षांसाठी २०.७५ कोटी युरोंना विकला. जुलैत आणखी १५ टक्के गेला. ‘बार्सा स्टुडिओज’ या उपकंपनीचा ४९ टक्के हिस्सा दोन खरेदीदारांना मिळून २० कोटींना दिला गेला. स्पेनमध्ये या व्यवहारांना ‘पलांका’ म्हणजे तरफ हे नाव पडले. कमी जोर लावून मोठे ओझे उचलायचे, हा अर्थ. कोकणात अडचणीतला बागायतदार पुढच्या हंगामांची आंब्याची बाग आधीच कराराने देऊन मोकळा होतो, हा त्यातलाच प्रकार. पैसे आज मिळतात, पण पुढचा आंबा आपला नसतो.

वेतनमर्यादेचे आकडे पाहिले की तरफेचा जोर कळतो. सप्टेंबर २०२१ मध्ये बार्सिलोनाची मर्यादा सुमारे ९.८ कोटी युरो होती, तर रेयाल माद्रिदची ७३.९ कोटी. मार्च २०२२ मध्ये बार्सिलोनाचा आकडा चक्क उणे १४.४ कोटी झाला. सप्टेंबर २०२२ मध्ये तोच ६५.६ कोटी. सहा महिन्यांत ८० कोटी युरोंची उडी आणि तीही एकदाच मिळणाऱ्या पैशावर. त्या उन्हाळ्यात लेवांडोवस्की, राफिन्हा, कुंडे आले. संघाने २०२२-२३ची ला लिगा जिंकली, लेवांडोवस्कीने सर्वाधिक २३ गोल केले. चॅम्पियन्स लीगमध्ये मात्र गटातच गाशा गुंडाळावा लागला, जिथून खरा पैसा येतो. २०२३च्या सप्टेंबरमध्ये मर्यादा पुन्हा २७ कोटींवर आपटली.

युएफाने तर मुळातच प्रश्न उपस्थित केला. असे हक्क विकणे हे उत्पन्न नव्हे, ते नफा म्हणून चुकीचे दाखवले, असे म्हणत २०२३ मध्ये क्लबला ५ लाख युरोंचा दंड झाला. क्रीडा लवादानेही अपील फेटाळले. स्टुडिओज विक्रीतही सगळे पैसे ठरल्या वेळी आले नाहीत. गुंतवणूकदार बदलत राहिले आणि त्या हिश्श्याचे मूल्य वहीत घटवावे लागले. २०२३-२४ मध्ये क्लबचा तोटा ९.१ कोटी युरो होता.

ओल्मोची नोंदणी ३१ डिसेंबरला का संपली?

या हिशेबाची झळ खेळाडूला कशी बसते, ते दानी ओल्मोच्या प्रकरणात दिसले. बार्सिलोनाच्याच अकादमीत लहानपणी शिकलेला आणि २०२४ मध्ये स्पेनबरोबर युरो चषक जिंकलेला ओल्मो त्याच ऑगस्टमध्ये लाइपझिगमधून परतला. जागा नव्हती. बचावपटू आंद्रेआस क्रिस्टेन्सन जायबंदी होता. दीर्घकाळ बाहेर असलेल्या खेळाडूच्या पगाराचा मोठा भाग दुसऱ्यासाठी वापरण्याची सवलत नियमात आहे. त्या आधारावर ओल्मोची नोंदणी झाली, पण फक्त ३१ डिसेंबरपर्यंत.

वर्षअखेरीस क्लबने नव्या कॅम्प नोऊमधील अतिविशिष्ट आसनांचे हक्क सुमारे १० कोटी युरोंना विकून जागा तयार केल्याचा दावा केला. ला लिगा आणि स्पॅनिश महासंघ म्हणाले, मुदत टळली, आणि एकाच हंगामात तोच खेळाडू दोनदा नोंदवता येत नाही. नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात ओल्मो आणि पाऊ व्हिक्टर हे दोघे करार असलेले, पगार घेणारे, पण खेळू न शकणारे फुटबॉलपटू होते. ८ जानेवारी २०२५ रोजी सरकारच्या क्रीडा परिषदेने तात्पुरता दिलासा दिला. एप्रिलमध्ये ला लिगाने सांगितले की आसनविक्रीची ती रक्कम क्लबच्या हिशेबात दिसत नाही. दुसऱ्याच दिवशी क्रीडा परिषदेने क्लबच्या बाजूने निकाल दिला. पुढच्या दीड महिन्यात बार्सिलोनाने ला लिगा आणि कोपा डेल रे, दोन्ही जिंकले. ओल्मो त्या संघात होता.

जुलै २०२५ मध्ये पाळी टेर स्टेगनची आली. कर्णधार असलेल्या या गोलरक्षकाच्या पाठीवर शस्त्रक्रिया होणार होती. आपण साधारण तीन महिन्यांत परतू, असे त्याने स्वतः जाहीर केले. पण दुखापत चार महिन्यांहून लांबणार असेल, तरच पगाराची ती सवलत मिळते. नवा गोलरक्षक जोआन गार्सियाची नोंदणी त्यावर अडली होती. वैद्यकीय अहवाल ला लिगाकडे पाठवायला टेर स्टेगनची संमती लागत होती. त्याने सही केली नाही, तेव्हा ७ ऑगस्टला क्लबने त्याचे कर्णधारपद काढून घेतले. दुसऱ्या दिवशी सही झाली आणि कर्णधारपद परत मिळाले. खेळाडूचे आजारपण हे ताळेबंदातले एक कलम झाले की काय होते, ते त्या दोन दिवसांत दिसले. क्लबच्या वागण्यात शोभेसारखे काही नव्हते.

वाचवले ते अकादमीने?

बऱ्याच अंशी हो. अकादमीतून आलेल्या खेळाडूसाठी दुसऱ्या क्लबला पैसे मोजलेले नसतात, त्यामुळे वहीत त्याचा वार्षिक वाटा शून्याच्या जवळ. सुरुवातीचा पगारही तुलनेने कमी. लामिन यमाल एप्रिल २०२३ मध्ये १५व्या वर्षी मुख्य संघाकडून खेळला. पाऊ कुबार्सी, गावी, अलेहांद्रो बाल्डे हे त्याच वाटेने आले. मोठी खरेदी शक्य असती तर यातल्या काहींना एवढ्या लवकर संधी मिळाली असती का, ही शंका रास्त आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. बार्सिलोनाला मालक नाही. सुमारे दीड लाख वर्गणीदार सभासद मतदान करून अध्यक्ष निवडतात. पीएसजी किंवा मँचेस्टर सिटीप्रमाणे कोणी आखाती पैसा ओतून तोटा भरून देईल, ही सोय इथे नाही. त्यामुळे निवडणूक जिंकायची तर तारे आणण्याचे आश्वासन द्यायचे आणि बिल पुढच्या अध्यक्षाच्या नावावर टाकायचे, हा मोह प्रत्येक कार्यकारिणीला होतो. बार्टोम्यूंना झाला, लापोर्टांनाही.

आता स्थिती काय?

सुधारली आहे, पण सावरलेली नाही. क्लबच्या आकडेवारीनुसार २०२४-२५ मध्ये उत्पन्न ९९.४ कोटी युरो होते आणि तरीही १.७ कोटींचा तोटा होता. सप्टेंबर २०२५ मध्ये ला लिगाने बार्सिलोनाला ३५.१ कोटी युरोंची मर्यादा दिली. रेयाल माद्रिदची ७६.१ कोटी, म्हणजे दुपटीहून अधिक. युएफाने जुलै २०२५ मध्ये १.५ कोटी युरोंचा आणखी एक दंड ठोठावला असून सुधारणा झाली नाही तर तो ६ कोटींपर्यंत जाऊ शकतो. पगार, खरेदीचा वार्षिक वाटा आणि दलालांचे शुल्क मिळून उत्पन्नाच्या ७० टक्क्यांवर जाऊ नये, हा युएफाचा नियमही आता पूर्ण लागू झाला आहे.

नूतनीकरणासाठी बंद असलेले कॅम्प नोऊ नोव्हेंबर २०२५ मध्ये अर्धवट क्षमतेने पुन्हा सुरू झाले. तिकिटे आणि आसनांतून येणारा पैसा वाढेल, मात्र त्याच नूतनीकरणासाठी काढलेले १४५ कोटी युरोंचे कर्जही फेडायचे आहे. दरम्यान अकादमीतली मुले मोठी होत आहेत आणि त्यांचे पगारही. यमालने मे २०२५ मध्ये २०३१ पर्यंतचा नवा करार केला. टीव्ही हक्कांतला तो २५ टक्के वाटा मात्र २०४७च्या आसपासपर्यंत सिक्स्थ स्ट्रीटकडे राहील. तेव्हा यमाल चाळीस वर्षांचा असेल.